अण्णा, वजराई आणि तांबडं पाणी

माझं माहेर माण तालुक्यातलं, सासर साताऱ्यातलं. जिल्हा एकच. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि आमच्याकडं पाचशे झाला तर वर्ष चांगलं म्हणायचं. टँकरचा हॉर्न ऐकला की वही टाकून कळशी उचलायची, हे माझं लहानपण. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासकडं गेलो, तेव्हा रस्त्याकडेच्या चरातनं वाहून जाणारं पाणी बघून मला धास्तीच वाटली होती. एवढं पाणी, आणि भरून घ्यायला कुणी नाही.

गेल्या श्रावणात अण्णा, माझे वडील, डोळे तपासायला आठवडाभर आले होते. सत्तरीला टेकलेत, पण पाय अजून शेतकऱ्याचे आहेत. त्यांना वजराई धबधबा दाखवायचाच असं मी ठरवलं. रेलिंगपाशी उभं राहून फोटो काढायचा आणि परत फिरायचं, असं नको होतं. भांबवलीच्या अंगाला एका वाडीतनं निघून, सडा म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार ओलांडून, रानातनं उतरून, ओढा दोनदा पार करून पुन्हा त्याच वाडीत आणणारी एक गुरांची वाट आहे. वाडीतले एक आबा आमच्याबरोबर आले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पायात प्लास्टिकचे बूट, हातात कोयता.

सड्यावर तेरडा नुकता रंगायला लागला होता. खाली रानात शिरलो आणि उजेड एकदम कमी झाला. जांभूळ, हिरडा, अंजनी, सगळ्यांच्या खोडांवर शेवाळाची जाड साय. कुठंतरी कुणी शीळ घालत होतं. अण्णा थांबून म्हणाले, "पोरगं हाय का कोण?" तो शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात हा पक्षी अगदी माणसासारखी शीळ घालतो, रमतगमत, मध्येच चाल बदलून.

जळवांसाठी आम्ही पायांना मीठ-हळद चोळली होती, तरी अण्णांच्या घोट्यावर एक चढलीच. सुतळीएवढी जळू हरभऱ्याएवढी फुगली होती. आबांनी चिमूटभर मीठ टाकलं, ती गळून पडली. रक्त मात्र बराच वेळ थांबेना. जळू रक्त गोठू देत नाही, म्हणून जखम एवढीशी आणि धार मोठी. घाबरायचं कारण नसतं. ओरबाडून मात्र काढू नये.

मग झाडं विरळ झाली आणि समोर वजराई दिसला. तीन टप्प्यांत कोसळतो तो. धुकं वर सरकलं की एकेक टप्पा उघडा पडायचा. अण्णा पाण्याकडं बघतच नव्हते, ते खडक बघत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी दोन विहिरी खोदल्यात. म्हणाले, "ह्यो आपलाच काळा पाषाण. मधी बघ, मांजऱ्याचा पट्टा हाय." खरंच होतं. मांजऱ्या म्हणजे काळ्या पाषाणापेक्षा मऊ खडक. लाव्हाचे थर एकावर एक बसून सह्याद्री झालाय. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो, आणि पाण्याला पायऱ्या मिळतात. मी हे पुस्तकात वाचलंय. अण्णांनी ते सुरुंग लावून, हाताला फोड आणून वाचलंय.

परतीच्या वाटेवर दुसऱ्या ओढ्याशी आबा एकदम थांबले. पाणी गुडघ्याखालीच होतं आणि वर ऊन पडलं होतं. मी पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांनी काठी आडवी धरली. "न्हाय जायचं पोरी. पाणी तांबडं झालंय."

पाण्याला चहासारखा रंग आला होता, आणि त्यात कुजलेली पानं, बारीक काटक्या. वरचा सडा जांभ्याचा. जूनमध्ये तो पाऊस पिऊन घेतो. श्रावणापर्यंत तुडुंब भरतो, मग नवं पाणी जिरत नाही, थेट ओढ्यात येतं. ओढा आखूड आणि उतार उभा, त्यामुळं वर अर्धा तास सर आली की खाली उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ती पाण्यातच भेटते. दरवर्षी माणसं वाहून जातात ती अशीच. पाणी वाढण्याआधी रंग बदलतो, आवाज जड होतो. एवढं कळलं तरी जीव वाचतो, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहितेय.

आबांनी काठाला एक काटकी रोवली. दहा मिनिटांत ती दिसेनाशी झाली. मधला मोठा धोंडा, ज्यावर मी पाय ठेवणार होते, तोही बुडाला. आम्ही अंजनीखाली बसून नाचणीची भाकरी आणि खर्डा खाल्ला. अण्णा उकिडवे बसून त्या काटकीच्या जागेवर नजर लावून होते. विहिरीची पातळी ते अशीच बघायचे, घटका-घटका. दोनेक तासांनी काटकीचं टोक वर आलं, त्याला पानांचा चोथा गुंडाळलेला. धोंडा उघडा पडला, पाणी निवळलं, मग आबा आधी उतरले आणि आम्ही त्यांच्या मागून.

मधोमध अण्णा थांबले, वाकून ओंजळ भरली. "पाव्हणं, हे पानी खाली कुठं जातं?"

"उरमोडीला," आबा म्हणाले. "ही उरमोडीच की. हितनं परळीच्या धरणात."

अण्णा काही बोलले नाहीत. उरमोडीचं पाणी उपसा योजनेतनं खटाव-माणला येतं, आमच्या शिवाराजवळच्या कालव्यातसुद्धा. ते माहीत नाही असं माण तालुक्यात कुणी नाही. ओंजळीतलं पाणी त्यांनी खाली सांडलं नाही, पिऊन टाकलं.

कासच्या रस्त्याला लागल्यावर मोबाईलला रेंज आली. अण्णांनी पहिला फोन माझ्या भावाला लावला. धबधबा, जळू, काही सांगितलं नाही. म्हणाले, "वर लई पानी हाय रं. कालव्याला कधी सुटतंय, जरा इचारून ठेव. आन् पोटचारी साफ करून घे."