तुम्ही विचारलंत म्हणून: पेन्शनवर आलेल्या फौजीची झोप

"पयले असा नव्हतात त्या. आते काय करो?"

म्हणजे आधी ते असे नव्हते, आता काय करू? खान्देशात साक्री घ्या, चाळीसगाव घ्या, अमळनेर घ्या, प्रश्न याच शब्दांत येतो. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई, कधी धाकटा भाऊ. पुढचं वर्णनही ठरलेलं: रात्री दोनला उठून ओसरीत बसतात, लग्नात फटाके वाजले की पंगतीतून निघून जातात, पोरांवर एकदम ओरडतात आणि मग दोन दिवस बोलत नाहीत, लष्करी कॅन्टीनमधून आणलेली दारूची बाटली लवकर संपते. कुठं दाखवायचं, आणि ते येणार कसे?

माझं उत्तर एकच आहे: झोपेवरून सुरुवात करा. "तुमचं डोकं बिघडलंय, डॉक्टरकडे चला" म्हणालात तर ते येणार नाहीत. "तीन महिने तुम्ही नीट झोपला नाहीत, झोपेचं दाखवून येऊ" म्हणालात तर बहुधा येतील, कारण झोप लागत नाही हे कबूल करण्यात फौजीला कमीपणा वाटत नाही. हे फसवणंही नाही. या त्रासाचा मोठा भाग झोपेतच असतो आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्नही झोपेचाच असतो.

ते का लपवतात, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं. सैन्यात प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी असते, तिला शेप म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर एस, म्हणजे मनाची तब्येत. बाकीची अक्षरं कान, हातपाय, शरीर आणि डोळ्यांची. एसमध्ये श्रेणी खाली आली की हत्यार हातात मिळेल का, बढती होईल का, पोस्टिंग कुठं लागेल, सगळ्याच गोष्टींचा घोर लागतो. पंधरा-सतरा वर्षं माणूस हेच शिकतो, की मनातलं डॉक्टरला सांगायचं नाही. पेन्शनवर आल्यावर ती श्रेणी उरत नाही, पण सवय उरते. म्हणून त्यांना सरळ सांगा: आता उपचार घेतल्यानं नोकरीची पेन्शन कमी होत नाही आणि गावात कागद फिरत नाही. हे एक वाक्य ऐकल्यावर तयार होणारे पुष्कळ आहेत.

"ड्युटीवर होते तोवर चांगले होते, घरी आल्यावरच कसं झालं?" हा जोडप्रश्न. ड्युटीवर फॉलिन म्हणजे रांगेत उभं राहणं असतं, रोल कॉल म्हणजे हजेरी असते, बाजूच्या खाटेवर आपला बडी म्हणजे जोडीदार असतो, दिवसाचा तास न् तास आखलेला असतो. त्या आखणीनं आतलं दाबून धरलेलं असतं. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, एकदम मोकळा दिवस पुढ्यात पडतो, आणि दबलेलं वर येतं. घटनेनंतर सहा महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही लक्षणं पूर्ण दिसू लागतात, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. आणि घटना म्हणजे चकमकच असं नाही. हिमस्खलनात सोबती गमावणं, कॉन्व्हॉयची गाडी दरीत जाणं, पुरातून मृतदेह काढणं, सोबत्याची शवपेटी घेऊन त्याच्या गावी जाणं, यांतलं काहीही पुरतं.

या आजाराला, म्हणजे भयंकर घटनेच्या धक्क्यानंतर मागं राहणाऱ्या मानसिक त्रासाला, पीटीएसडी म्हणतात. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेनं १९८० साली हे नाव आपल्या निदानपुस्तकात घातलं. डॉक्टर प्राथमिक चाळणीसाठी गेल्या महिन्याबद्दल पाच प्रश्न विचारतात: त्या घटनेची स्वप्नं पडतात किंवा नको असताना आठवण येते का, ती आठवेल अशा जागा, माणसं, बोलणं टाळता का, सतत सावध असता, दचकता का, माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखं वाटतं का, जे घडलं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देत राहता का. तीन-चार होकार आले तर पुढची सविस्तर तपासणी करायची. घरी बसून हे प्रश्न उलटतपासणीसारखे विचारू नका. घरच्यांनी फक्त निरीक्षण लिहून ठेवायचं.

मात्र सगळे फौजी असे असतात हा समजही तितकाच घातक आहे. बहुतेकांना पीटीएसडी होत नाही. कुणाला साधं नैराश्य असतं, कुणाचा थायरॉईड किंवा बी-१२ बिघडलेलं असतं, कुणाला घोरताना श्वास अडकत असल्यानं झोप मिळत नाही. जवळ स्फोट झाला असेल, डोक्याला मार लागला असेल, तर विसरभोळेपणा, डोकेदुखी आणि चिडचिड त्यातूनही येते. गोळीबारानं ऐकू कमी येत असेल तर माणूस मोठ्यानं बोलतो आणि घराला तो ओरडतोय असं वाटतं. म्हणून मार लागल्याचं आणि कानाचं डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आता आपल्याकडचं. मक्यात रानडुकरं येतात म्हणून रात्री शेतात फटाके फोडतात. केळीला पाणी द्यायला रात्रीची लाईट, म्हणून मोटार चालू करायला पहाटे दोनला उठावं लागतं. "ते तसेही जागेच असतात" म्हणून घरचे ही पाळी त्यांच्याच गळ्यात घालतात. हे आधी बंद करा. झोप दुरुस्त करायची तर सकाळी उठायची वेळ रोज एकच हवी, रात्र कितीही वाईट गेली तरी. दुपारची झोप वीस मिनिटांच्या वर नको, चार वाजल्यानंतर चहा नको. बँकेत किंवा गोदामावर वॉचमनची नोकरी धरली असेल तर काही महिने दिवसपाळी मागा. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात, पण चारी बाजूंनी उघड्या जागेत याच माणसाचा डोळा लागत नाही. कुत्रं भुंकलं, ट्रक गेला, की तो उठून बसतो. त्याची खाट भिंतीला लावा, दार दिसेल अशी. पंचेचाळीस अंशांत खोलीत झोपायचं तर कूलर लागतो. त्याचा एकसुरी आवाज उलट फायद्याचा, बाहेरचे आवाज त्यात बुडतात.

झोपेत ओरडायला लागले तर खांदा धरून हलवू नका, अंगावर वाकू नका. अर्धवट जागा झालेला माणूस हात चालवतो, गळा धरतो, आणि भानावर आल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटते. त्यानंतर तो बायकापोरांजवळ झोपणंच सोडतो. पायांच्या बाजूला, हातभर लांब उभं राहा, दिवा लावा, नेहमीच्या आवाजात हाक मारा आणि जागा सांगा: "तुम्ही घरी आहात. पाचोऱ्याला. मी आहे." मग पाणी द्या. काय दिसलं ते त्याच वेळी विचारू नका.

लग्नसराई आणि दिवाळीची तयारी आधी करायची. वरात किती वाजता दारावरून जाणार ते त्यांना सांगून ठेवा, कारण माहीत असलेला आवाज अनपेक्षित आवाजाच्या निम्माही त्रास देत नाही. कार्यालयात दाराजवळची खुर्ची द्या. छाती धडधडायला लागली तर श्वास सोडणं हे घेण्यापेक्षा लांब करायचं: चार मोजून घ्या, सहा-आठ मोजून सोडा, पाच मिनिटं. पाय जमिनीवर दाबून आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. त्यानं आजार जात नाही, तेवढी वेळ निभते. मात्र आवाज नको म्हणून बाजार बंद, लग्नं बंद, एस.टी. बंद असं करत गेलात तर जग रोज थोडं आकसतं आणि भीती वाढते. टाळणं हेच या आजाराचं खाद्य आहे.

दारूबद्दल जरा सविस्तर, कारण इथं जीव जातो. झोप यावी म्हणून सुरू केलेली दारू पहिले दोन तास झोपवते आणि उत्तररात्रीची झोप मोडते, स्वप्नं वाढतात. हे कळल्यावर घरचे देवाची शपथ घालतात: आजपासून थेंब नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं अशी एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, हातपाय थरथरतात, ताप चढतो, नसलेलं दिसायला लागतं. गावात याला बाहेरचं लागलं म्हणतात आणि भगताकडे नेतात. ही दवाखान्यात भरती करण्याची वेळ असते, तिथं गोळ्या आणि थायमिन म्हणजे बी-१ देऊन ते दिवस सुरक्षित काढता येतात. सोडायचीच आहे, पण डॉक्टरला रोजचं खरं प्रमाण सांगून. दारू सुटल्यावर मग ट्रॉमाचं, म्हणजे त्या घटनेच्या धक्क्याचं, बघू असं म्हणत थांबू नका, दोन्ही उपचार बरोबर चालू शकतात.

पीटीएसडीच्या गोळ्यांमध्ये सरट्रालीनसारखी, नैराश्यावरही देतात ती, औषधं मुख्य. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिले पंधरा दिवस मळमळ, जुलाब, अस्वस्थपणाच जास्त जाणवतो. नेमकं इथंच गोळी सोडली जाते. ती सुटण्याचं दुसरं कारण कुणी बोलत नाही: या गोळ्यांनी काहींची कामेच्छा कमी होते. पुरुष हे डॉक्टरला सांगत नाही, बायकोला सांगत नाही, गुपचूप गोळी बंद करतो. डोस बदलून किंवा औषध बदलून यावर मार्ग निघतो, फक्त सांगावं लागतं. एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड होते. घरच्यांना वाटतं आजार उलटला. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर घ्यायची आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवायची. मेडिकलवाल्याकडून अल्प्राझोलाम ही गुंगीची गोळी आणून देणं मात्र थांबवा. त्यानं पीटीएसडी बरा होत नाही, सवय लागते, आणि दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो.

गोळीपेक्षाही पक्का उपचार बोलण्याचा आहे, पण साधं धीर देणं म्हणजे तो उपचार नव्हे. त्या आठवणीपाशी ठरवून, टप्प्याटप्प्यानं जायचं आणि ती पचवायची, अशी पद्धत असते. साधारण आठ ते पंधरा बैठका. पहिल्या काही बैठकांनंतर स्वप्नं वाढल्यासारखी वाटतात आणि माणूस जाणं बंद करतो. हे आधीच माहीत असेल तर तो टिकतो. वाईट स्वप्नांसाठी एक वेगळं तंत्र आहे: दिवसा स्वप्न कागदावर लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि बदललेलं रूप रोज दहा-वीस मिनिटं मनात घोळवायचं. मानसशास्त्रज्ञाला पहिल्याच भेटीत विचारा, ट्रॉमावर कोणत्या पद्धतीनं काम करता? नीट उत्तर आलं नाही तर दुसरा शोधा. जवळ कुणी नसेल तर व्हिडिओ कॉलवरच्या बैठकाही चालतात.

नेण्याचा रस्ता असा. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, तिचं कार्ड असेल तर तिच्या जवळच्या पॉलिक्लिनिकला म्हणजे दवाखान्याला जा. ही योजना एप्रिल २००३ पासून आहे. तिथले मेडिकल ऑफिसर पाहतात आणि रेफरल देतात, पॅनेलवरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा लष्करी रुग्णालयात. आपल्याला जवळचं म्हणजे देवळालीचं, मोठं म्हणजे पुण्याचं कमांड हॉस्पिटल. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा, कारण औषध शिल्लक नसेल तर मधले दिवस कोरडे जातात. तातडीनं दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात भरती करावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, नाहीतर बिल अडकतं. बीएसएफ, सीआरपीएफवाल्यांनाही गाव फौजीच म्हणतं, पण त्यांना ईसीएचएस नाही. त्यांनी किंवा कार्ड नसलेल्यांनी धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडी गाठावी. आज निघणं शक्यच नसेल तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, या सेवेचा सैन्यासाठी वेगळा कक्ष सुरू झाला. बायकोनं स्वतः फोन केला तरी चालतो.

"माझ्यामुळे तुम्हाला त्रास, मी नसलो तर बरं" असं बोलणं आलं, कागदपत्रं आणि पासबुकं समजावून सांगू लागले, तर सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारल्यानं हायसं वाटतं. त्याच दिवशी घरातली बंदूक काढा. परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. कपाशीची फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली भावाकडे द्या. अशी वेळ काही तासांत ओसरू शकते, त्या तासांत हाताशी काही असू नये. एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. आणि प्रयत्न झालाच असेल तर पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरतं आणि शिक्षेतून वगळतं.

कागदांचंही एक. डिस्चार्ज बुक आणि रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे नोकरी सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीची, प्रत (फॉर्म एएफएमएसएफ-१६) जपून ठेवा. आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला असं ठरलं आणि त्यामुळे आलेलं अपंगत्व २० टक्के किंवा जास्त धरलं गेलं तर अपंगत्व पेन्शनचा दावा करता येतो. दावा फेटाळला तर अपील आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पण उपचार आधी, दावा नंतर. दाव्याला दोन वर्षं लागली म्हणून झोपेनं दोन वर्षं थांबू नये.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर लिहा: झोपायची-उठायची वेळ, आठवड्यात किती वाईट स्वप्नं, दारू रोज किती, कधीपासून, कुठल्या गोळ्या चालू. युनिटमधला एखादा जुना बडी जवळपास राहत असेल तर त्याला सोबत घ्या. बायकोनं दहा वेळा सांगितलेलं त्यानं एकदा सांगितलं की पटतं. आणि वहिनी, ईसीएचएसचं कार्ड तुमच्याही नावाचं असतं. रात्री त्यांच्याबरोबर तुम्हीही जाग्याच आहात. त्याच दिवशी, त्याच पॉलिक्लिनिकमध्ये, तुमच्याही झोपेचं सांगा.