आमची वाटचाल: फोटो तेवढेच, साइट हलकी

२००९ साली कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका छोट्या गाळ्यात मी आणि माझी नणंद, आम्ही दोघींनी वेबसाइट बनवायला सुरुवात केली. तेव्हा प्रत्येक गिऱ्हाईकाला फ्लॅश, म्हणजे साइटवर हलती चित्रं आणि आवाज आणणारं अडोबीचं तंत्र, हवं असायचं. साइट उघडली की पडदा सरकायचा, सनई वाजायची, दागिने एकेक करून उजळत यायचे. एका सराफांची साइट आम्ही तशीच केली. साज, ठुशी, बोरमाळ, सगळं अगदी मन लावून. वर्षभराने ते म्हणाले, "ताई, गुगलवर कोल्हापुरी साज टाकलं तर आपलं दुकान का येत नाही?"

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सगळी साइट एकाच फ्लॅश फाइलच्या पोटात होती. साजाला वेगळं पान नव्हतं, वेगळा पत्ता नव्हता, दागिन्यांची नावंसुद्धा चित्रात काढलेली. सर्च इंजिनला वाचायला आम्ही काही ठेवलंच नव्हतं. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनवर फ्लॅश का नाही ते जाहीर पत्रात लिहिलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही फ्लॅश सोडलं आणि सराफांची साइट नव्याने बांधून दिली, पैसे न घेता. त्या वेळी ते जड गेलं, पण चूक आमची होती. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला कायमचा थांबला, तेव्हा आमच्या एकाही गिऱ्हाईकाचं काही अडलं नाही.

खरी परीक्षा मोबाइलने घेतली. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि कोकणातले होमस्टेवाले आमच्याकडे येऊ लागले. तारकर्लीतल्या एका काकांच्या ओट्यावर बसून आम्ही त्यांचीच साइट त्यांच्याच फोनवर उघडली. पांढरं पान, गोल गोल फिरणारी खूण. काका म्हणाले, "फोटो बरे आसत, पण उघडतत खंय?"

फोटो खरोखरच सुंदर होते, पण कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले. ६००० बाय ४००० पिक्सेल, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. त्यांच्या फोनचा पडदा १०८० ठिपके रुंद. तेवढ्याच रुंदीचा फोटो दिला तर ठिपके एकतिसाव्या हिश्श्यावर येतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. शिवाय फाइल कितीही दाबून लहान केली, तरी दाखवताना फोन ती पूर्ण उलगडतो. कॅमेऱ्यातला असा एक मूळ फोटो मेमरीत सुमारे ९६ एमबी जागा खातो. साध्या फोनवर साइट का अडखळते, ते त्या दिवशी आम्हाला नीट कळलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या चार मापांच्या प्रती ठेवतो आणि कुठली उचलायची ते ब्राउझरवर सोडतो. प्रती वेबपी या फोटो हलका ठेवणाऱ्या फाइल-प्रकारात असतात. आयफोनच्या सफारीला २०२० पर्यंत वेबपी चालत नव्हतं, म्हणून तोवर जेपेग या जुन्या प्रकारातली प्रतही सोबत ठेवावी लागायची.

एक चूक सांगायलाच हवी. २०१९ मध्ये क्रोममध्ये लेझी लोडिंग आलं. म्हणजे पान खाली सरकवाल तसतसे फोटो उतरतात. आम्ही ते सरसकट सगळ्या फोटोंना लावलं, अगदी वरच्या मोठ्या फोटोलाही. झालं उलटंच, जो फोटो सर्वांत आधी दिसायला हवा तोच मागे पडला. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गुगलची अपेक्षा असते आणि २०२१ पासून शोधाच्या क्रमवारीत तिचाही विचार होतो. आता वरचा फोटो आधी, बाकीचे मागाहून. पण नुसत्या वेगाने कुणी वर येत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला पहिल्याच बैठकीत सांगते. पानावर कामाचं काही लिहिलेलं लागतं.

येवल्याच्या पैठणी दुकानाच्या कामात हे फार जवळून पाहिलं. साड्यांचे फोटो पानाच्या डिझाइनमध्ये पार्श्वभूमी म्हणून बसवले होते. असे फोटो गुगलच्या इमेज सर्चमध्ये येत नाहीत. मजकूर छापखान्यातून छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आला होता आणि तसाच चढवला होता. पडद्यावर ‘पैठणी’ दिसायचं, पण कॉपी करून दुसरीकडे टाकलं की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. मराठीत शोधणाऱ्याला ते दुकान सापडणार कसं? आम्ही सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच कोड असलेल्या पद्धतीत, पुन्हा टाइप केला. फोटो नीट पानात घेतले आणि प्रत्येकाला वर्णन दिलं: नारळी काठ, मुनिया, असावली, बांगडी मोर.

मग फॉन्टने अडवलं. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट आम्हाला आवडतो, पण फाइल आणखी हलकी करायला गेलो आणि साइटवर ‘नक्षी’तला क पाय मोडून वेगळा उभा राहिला. जोडाक्षराला स्वतःचा वेगळा कोड नसतो. त्याची आकृती फॉन्टच्या आत असते आणि ती कधी आणायची याचे नियमही तिथेच असतात. वजन उतरवताना आम्ही ते नियमच कापले होते. नणंदेने रात्री एकपर्यंत बसून ते परत घातले. आता फॉन्ट बदलला की आम्ही आधी ‘नक्षी’, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘त्र्यंबक’ लिहून बघतो.

सध्या त्याच दुकानाच्या व्हिडिओंचं काम चालू आहे. यूट्यूबचा प्लेअर आपल्यासोबत भरपूर स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरने चालवायचा कोड, आणतो, कुणी व्हिडिओ बघो न बघो. म्हणून पानावर फक्त मागाचं एक चित्र ठेवलंय. बोट लावलं की मगच प्लेअर येतो. व्हिडिओतले विणकर काका धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं साधन, टाकता टाकता काठ कसा भरायचा ते सांगतात, आणि त्यातला एकही शब्द पानावर नव्हता. पाच व्हिडिओ ऐकून लिहून झाले आहेत. सहाव्यात मागाच्या आवाजात काही शब्द बुडतात, ते समजून घ्यायला आम्ही पुढच्या आठवड्यात येवल्याला जातोय.