चावायला शिकवलेला कुत्रा घरात कसा ठेवता?

भारतातून कोणी पाहुणे आले की पहिला चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच. वाघ्याचा व्हिडिओ त्यांनी आधी पाहिलेला असतो: दांडगा जर्मन शेफर्ड सुसाट धावत येतो आणि माणसाच्या हाताला लटकतो. "घरात लहान मूल आहे, भीती नाही वाटत?"

नाही वाटत. सगळेच विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. शनिवारी मी वाघ्याला घेऊन गावाबाहेरच्या क्लबच्या मैदानावर जाते. तिथे चालणाऱ्या कुत्र्यांच्या खेळाला पूर्वी शुट्झहुंड (संरक्षक कुत्रा) म्हणत, २०१९ पासून आयजीपी म्हणतात. मुळात हा खेळ नव्हताच. पैदाशीसाठी कुठले जर्मन शेफर्ड ठेवायचे, हे ठरवण्याची ती परीक्षा होती. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुणांचे. प्रत्येकात ७० तरी मिळवावे लागतात. त्याआधी बीएच ही वेगळी परीक्षा असते. तिच्यात सायकलवाले, पळणारी माणसं, गर्दी यांच्यात कुत्रा शांत राहतो का, ते बघतात. पुढे आज्ञापालनात बंदुकीचा बार काढतात, त्याला घाबरणारा कुत्रा बाद. भेदरलेल्या कुत्र्याला इथे जागाच नाही, आणि घरात धोका असतो तो बहुतेकदा भेदरलेल्या कुत्र्याचाच.

चावण्याबद्दल बोलायचं तर वाघ्या पकडतो ती स्लीव्ह, म्हणजे हेल्फरच्या, सरावात हल्लेखोर बनणाऱ्या मदतनिसाच्या, हातावरची जाड बाही. ती त्याची शिकार, त्याचं बक्षीस. साखळीला बांधून, डिवचून चावरा केलेला कुत्रा वेगळा. तसं करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

खरं कठीण आहे ते सोडायला शिकवणं. पहिल्या परीक्षेत वाघ्याने बाही सोडली नाही. 'आउस', म्हणजे 'सोड', ही आज्ञा एकदा द्यायची, फार तर आणखी दोनदा. मी तिन्ही वेळा ओरडले, तो तसाच लटकून. बाद झालो, सकाळी माग काढून मिळवलेले गुणसुद्धा गेले. गाडीत बसून मी खूप रडले.

चूक माझी होती. सरावात मी पट्टा मागे खेचत ओरडायचे, आणि कुत्र्याला मागे खेचलं की तो आणखी घट्ट धरतो. आमच्या हेल्फरने सगळं पहिल्यापासून घेतलं. बाही अंगाशी दाबून तो खांबासारखा उभा राहायचा. हालचाल थांबली की बाहीत जीव उरत नाही. वाघ्या धरून राहायचा, मग कंटाळून जबडा सैल करायचा. नेमक्या त्या क्षणी मी हळू आवाजात म्हणायचे, "आउस". सुटली की लगेच बाही पुन्हा जिवंत व्हायची, पुन्हा पकडायला मिळायची. सोडलं तर खेळ परत मिळतो, हे त्याला उमगायला हिवाळा गेला. वसंतात तो एका शब्दावर सोडून हेल्फरसमोर टक लावून बसू लागला.

तरी लेकीला आणि त्याला मी खोलीत एकटं सोडत नाही. कुठल्याच कुत्र्याबरोबर लहान मूल एकटं सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

परवा अंगणात त्याने तिच्या दोरीच्या चेंडूचं एक टोक धरलं. मी दारातच उभी होते. तिने ओढलं नाही. दोरी पोटाशी धरून गप्प उभी राहिली, हेल्फरला बघितलंय तशी, आणि अगदी हळू म्हणाली, "वाघ्या, आउस." त्याने सोडली. मग तिने ती लांब फेकली.