फोन पालथे ठेवा, मग सांगा

रविवारी सकाळी आम्ही चौघं टपरीवर बसतो आणि एकमेकांना जनरल नॉलेजचे प्रश्न घालतो, हरणारा चहा पाजणार, एवढाच काय तो जुगार. नियम एकच, फोन पालथे ठेवायचे. आधी हा नियम नव्हता, पण एक गडी दर दुसऱ्या प्रश्नाला "आलोच हां" म्हणून कोपऱ्यापर्यंत जायचा आणि येताना उत्तर घेऊनच यायचा, मग काय करणार.

सुरुवातीला सगळा शाळेतलाच माल. कळसूबाई, १६४६ मीटर, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, स्कॉलरशिपच्या गाईडची कृपा. त्यात मजा नाही हो. मजा आली ती महाराष्ट्रात जिल्हे किती या अगदीच बाळबोध प्रश्नावर, कारण एक म्हणाला तीस, एक म्हणाला पस्तीस आणि मी छत्तीस. गंमत म्हणजे प्रत्येकजण आपापल्या पुस्तकापुरता बरोबर! १९६० ला राज्य झालं तेव्हा होते २६, मग ८१-८२ मध्ये सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली आले तेव्हा झाले ३०, नव्वदला मुंबई उपनगर, ९८-९९ ला वाशिम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया, आणि २०१४ ला पालघर, तो छत्तिसावा. आता तीस म्हणणारा आमचा मित्र केसांना कलप लावतो आणि वय विचारलं की विषय बदलतो. त्या दिवशी त्याला चहा फार महागात पडला.

ठाणेकर मित्राची तऱ्हा वेगळी. पहिली रेल्वे कधी, कुठून कुठे असं तो विचारतच नाही, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे हे सगळं स्वतःच सांगून टाकतो आणि मग हळूच म्हणतो, त्या गाडीला इंजिनं किती होती? आम्ही तिघांनी छातीठोकपणे एक सांगितलं. तर तीन! साहिब, सिंध आणि सुलतान. ३४ किलोमीटरला तीन इंजिनं, आणि आम्ही जन्मभर डोळ्यासमोर एकच इंजिन धूर सोडत जाताना बघत होतो. मला असले प्रश्न आवडतात. घानाची राजधानी मला माहीत नाही याचं काडीचं वाईट वाटत नाही, पण जे माहितीये असं आपण धरून चाललेलो असतो तिथेच कोणी पाय ओढला की आठवडाभर डोक्यातून जात नाही.

हॉकीवरून तर चहा गार झाला होता. राष्ट्रीय खेळ हॉकी, यात विचारायचं काय? पण सरकारने असा कुठलाच खेळ अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. हे एका मित्राला अजून मान्य नाही, शाळेत बाईंनी शिकवलंय म्हणतो. बाईंपुढे आपण काय बोलणार.

परवा मी एक जपून ठेवलेला प्रश्न काढला. नोटेवर भाषांची जी उभी पट्टी असते, त्यात मराठी कितवी? पहिली, दुसरी, शेवटून दुसरी, सगळे अंदाज झाले. दाखव म्हणाले. तर चौघांच्या खिशात मिळून एक नोट नाही! सगळा कारभार क्यूआर कोडवर. शेवटी टपरीवाल्या काकांकडे दहाची नोट मागितली, त्यांनी गल्ल्यातून काढून दिली पण नजर काही नोटेवरून हलवली नाही. चष्मा वर सरकवून, नोट नाकाला लावून मोजलं. पंधरा ओळी आणि मराठी आठवी. म्हणजे वरून मोजा की खालून, बरोब्बर मधोमध. भाषा इंग्रजी नावांच्या क्रमाने लावल्यात, त्यामुळे वर मल्याळम आणि खाली नेपाळी, असे शेजारी मिळालेत आपल्याला.

मी विजयी मुद्रेने नोट परत केली, तर काका ती सरळ करत म्हणाले, "वेरूळचं लेणं कुठल्या नोटेवर आहे?"

एकदम शांतता. वेरूळला आम्ही चौघं एकत्र जाऊन आलोय, कैलास लेण्यासमोरचा फोटो आमच्या ग्रुपचा डीपी आहे. एकजण पुटपुटला शंभर, दुसरा म्हणाला पन्नास. काकांनी गल्ल्यातून पोपटी रंगाची वीसची नोट काढून बरणीवर उलटी ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळले.

चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर आमची अजून चर्चा चालू आहे.