वीज आहे ना, मग मुंबईकडे वळवत का नाही?

मी वीज पारेषणात काम करते हे कळलं, की मुलुंडच्या आमच्या सोसायटीपासून नात्यातल्या लग्नापर्यंत सगळीकडे एकच प्रश्न येतो. देशात वीज पुरेशी आहे म्हणतात, मग एखादी लाईन बंद पडली तर दुसऱ्या लाईनवरून मुंबईकडे वळवायला अडचण काय? १२ ऑक्टोबर २०२० नंतर हा प्रश्न जास्तच विचारला जातो. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई अंधारली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि ठाणे-नवी मुंबईचीही वीज गेली. प्रश्न अगदी योग्य आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

नळाला चावी असते, ती अर्धी फिरवून पाणी कमी-जास्त करता येतं. एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाच्या लाईनला तशी चावी नसते. टोकाला असतो तो ब्रेकर, म्हणजे लाईन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, आणि ब्रेकर एक तर चालू असतो नाहीतर बंद. लाईन चालू असताना तिच्यावरून किती मेगावॅट जातील हे दोन गोष्टी ठरवतात: दोन्ही टोकांच्या व्होल्टेजच्या लहरींमध्ये कोनाचं अंतर किती, आणि त्या लाईनचा रिॲक्टन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा अडथळा किती. चंद्रपूरला तयार झालेली वीज करारात लिहिलेल्या रस्त्याने येत नाही. मधल्या सगळ्या रस्त्यांवर ती एकाच वेळी विभागली जाते. जिथे अडथळा कमी, तिथे वाटा जास्त.

याचा परिणाम किती मोठा होतो ते आकड्यांत बघा. समजा दोन सबस्टेशनांमध्ये दोन रस्ते आहेत. एकाची क्षमता ८०० मेगावॅट, दुसऱ्याची ४००, आणि दोघांचा अडथळा सारखाच. कागदावर क्षमता १,२०० होते. पण वीज दोघांवर समान वाटली जाणार, म्हणजे दुसरा रस्ता ४०० ला भरला की पहिल्यावरही ४००च असतील. पलीकडे पोचले फक्त ८००. पहिली लाईन निम्मी रिकामी आहे, आणि तरीही आणखी एक मेगावॅट पाठवता येत नाही. 'लाईन रिकामी होती तरी वीज दिली नाही' असं कोणी म्हणालं की मला हेच उदाहरण द्यावं लागतं.

मुंबईत यात केबलची भर पडते. शहरात टॉवरला जागा नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी भूमिगत केबल टाकावी लागते. केबलचा रिॲक्टन्स टॉवरवरच्या तारांपेक्षा बराच कमी, त्यामुळे शेजारच्या लाईनच्या मानाने ती वीज आपल्याकडे ओढून घेते. शिवाय केबल जमिनीत असल्यामुळे तिची उष्णता सहज बाहेर पडत नाही. म्हणजे जिला जास्त भार झेपत नाही, तीच जास्त भार घेते.

आता २०२० कडे येऊ. कळवा-पडघा मार्गावरचं एक सर्किट, म्हणजे तारांचा एक संच, देखभालीसाठी बंद होतं, भार दुसऱ्यावर होता, आणि तेही गेलं. एक लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली, की तिच्यावरचे मेगावॅट उरलेल्या लाईनींवर क्षणार्धात जाऊन पडतात. कुठल्या लाईनवर किती, हे कोणी ठरवत नाही. त्या लाईनी आधीच भरलेल्या असतील तर त्यांचे रिले, म्हणजे जादा भार ओळखून ब्रेकर उघडणारी उपकरणं, त्यांना वाचवण्यासाठी ट्रिप करतात, आणि साखळी सुरू होते. अशा वेळी मुंबईला बाहेरच्या ग्रिडपासून तोडून ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राच्या आणि इतर जवळच्या विजेवर जगवायचं, ही आयलँडिंगची योजना. त्या दिवशी ती तग धरू शकली नाही.

मग लोड डिस्पॅच सेंटरच्या, म्हणजे ग्रिडवर लक्ष ठेवून सूचना देणाऱ्या केंद्राच्या हातात असतं तरी काय? शहराजवळची निर्मिती वाढवणं किंवा लोड कापणं. ट्रॉम्बे, डहाणू ही औष्णिक आणि खोपोली, भिवपुरी, भिरा ही जलविद्युत केंद्रं मुंबईसाठी इतकी मोलाची आहेत ती यामुळेच. धरणाचं पाणी तर काही मिनिटांत मदतीला येतं. पण लाईन भरली म्हणून दूरची स्वस्त वीज सोडून जवळची महाग वीज घ्यायची, याची किंमत शेवटी ग्राहकच मोजतो.

म्हणून लाईनलाच चावी बसवण्याचे प्रयत्न झाले. सिरीज कपॅसिटर लावून अडथळा कमी करता येतो, सिरीज रिॲक्टर लावून वाढवता येतो. थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या मदतीने तो चालू लाईनवर बदलताही येतो. रायपूर-राउरकेला लाईनवर अशी उपकरणं बसली आहेत. फेज शिफ्टिंग ट्रान्सफॉर्मर कोनच बदलतो.

पण मला सगळ्यात भरवशाची वाटते ती एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसी प्रवाहाची लाईन. डीसीमध्ये कोनाचा प्रश्न उरत नाही. कंट्रोल रूममधून ६०० सांगितलं की ६०० मेगावॅट जातात. आपल्याकडे चंद्रपूर-पडघा ही १,५०० मेगावॅटची लाईन १९९९ पासून आहे, साडेसातशे किलोमीटर लांबीची. मुंबईसाठी कुडूस ते आरे अशी १,००० मेगावॅटची लाईन आखली गेली, सुमारे ८० किलोमीटरची, तिचा मोठा भाग जमिनीखाली. इतकी लांब केबल एसीवर चालवली तर ती स्वतःच्याच चार्जिंग करंटने, म्हणजे केबललाच दर क्षणी भारित करण्यात जाणाऱ्या प्रवाहाने, बरीच भरून जाते. शिवाय तिच्यातला नव्या प्रकारचा कन्व्हर्टर (एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारं उपकरण) व्होल्टेजही सांभाळतो आणि अंधारलेल्या ग्रिडला पुन्हा उभं करायला मदत करू शकतो. थायरिस्टरच्या जुन्या कन्व्हर्टरला समोर जिवंत ग्रिड लागतंच. मुंबईसाठी ही निवड बरोबर आहे, असं माझं ठाम मत आहे.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग खाडीतून टॉवर कशाला, २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाईन कशाला आणली? कारण एचव्हीडीसी सांगितलं तेवढंच करते. शेजारची एसी लाईन गेली तर आपणहून ती जास्त भार उचलत नाही. तसं करायचं तर ते तिच्या कंट्रोलमध्ये आधीच लिहून ठेवावं लागतं. आणि ती स्वतः ट्रिप झाली तर तिच्यावरचा सगळा भार त्याच क्षणी एसी लाईनींवर येतो. तो घ्यायला त्यांच्यात जागा हवी. म्हणून एखाद्या सर्किटला शटडाऊन देण्याआधी आम्ही लोड फ्लोचा, म्हणजे कुठल्या लाईनवर किती वीज जाईल याचा अभ्यास करतो: हे बंद असताना उरलेल्यांपैकी कुठलंही एक गेलं, तर बाकीचे टिकतात का? टिकत नसतील तर शटडाऊन रात्रीवर टाकायचं, किंवा ट्रॉम्बेची निर्मिती आधी वाढवून मगच परवानगी द्यायची.