भुतांचा पट

आमच्या कॉलेजात सत्र सुरू झालं की डीनच्या डोळ्यांपुढे एकच तारीख नाचत असते: सेन्सस डे. सत्राचे साधारण वीस टक्के दिवस उलटले की त्या दिवशीचा पट धरतात आणि राज्याच्या अनुदानाचा मोठा भाग त्यावर ठरतो. वर्गात न फिरकलेल्यांची नावं त्याआधी काढायची. महाराष्ट्रातली २०११ची पटपडताळणी आठवत असेल, तर हे ओळखीचं वाटेल. तिकडे अनुदानासाठी काही शाळाच पट फुगवत होत्या. इथे कॅलिफोर्नियात चोर बाहेरून येतो.

त्याचा हिशेब सरळ आहे. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, प्रवेशाला गुणांची अट नाही, अठरा पूर्ण असलेल्या कुणालाही दार उघडं. फी युनिटला (म्हणजे एका श्रेयांकाला) ४६ डॉलर, उत्पन्न कमी असेल तर तीही माफ. बारा युनिटं घेतली की पूर्णवेळ विद्यार्थी, आणि मग केंद्र सरकारचं पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची मदत; २०२४-२५ साली वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. चोरलेलं नाव, ऑनलाइन वर्ग, एआयकडून लिहून घेतलेला एखादा गृहपाठ. पैसे खात्यात पडले की विद्यार्थी गुल, जणू भूत.

बालविकासाच्या ऑनलाइन वर्गाच्या बाईंना हे पहिल्यांदा खटकलं. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे शनिवार-रविवार बसून त्यांनी जे वाचलं त्याचा छदामही त्यांना मिळणार नाही. ‘आपली ओळख करून द्या’ या पहिल्या गृहपाठात ओळीने सगळ्यांना लहान मुलांच्या वाढीबद्दल ‘मनापासून आस्था’ होती, वाक्यरचनेसकट. वर्ग भरलेला, वेटलिस्टवर खरी माणसं ताटकळत. आयटीवाले म्हणाले, अर्जाचं पोर्टल राज्याचं आहे. आर्थिक मदत विभाग म्हणाला, आमच्याकडे अजून तक्रार नाही. दोन्ही उत्तरं खरी, आणि दोन्ही निरुपयोगी.

मग मीच चाळणी लावली. एकाच पत्त्यावर अनेक अर्ज, तोच फोन नंबर दोन-तीन नावांपुढे, लॉगिन पहाटे तीनला, सगळे वर्ग ऑनलाइन. एक्सेलमधला तो तक्ता बघून मला बरंच समाधान वाटलं होतं, हे सांगायला हरकत नाही. ज्यांच्यात सगळ्या खुणा जुळल्या त्यांना ओळखपत्र दाखवण्याची ईमेल गेली. मुदतीत उत्तर न देणाऱ्यांची नावं कमी झाली.

सेन्ससच्या आदल्या दिवशी एक बाई लेकराला कडेवर घेऊन काउंटरवर आल्या. लायसन्स, गोदामातली पगारपावती, एका खासगी बालवाडीचं पत्र, सगळं समोर मांडलं. शिक्षिका म्हणून घ्यायला बालविकासाची बारा युनिटं लागतात, ती पूर्ण करा, असं त्या पत्रात होतं. पत्ता मोटेलचा होता, आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचा. फोन बहिणीचा. रात्रपाळीत पहाटे तीनला सुट्टी मिळते, तेव्हा त्या अभ्यासाला बसत. ओळख स्पॅनिशमध्ये लिहून चॅटजीपीटीकडून इंग्रजीत करून घेतलेली. कॉलेजच्या ईमेलची पेटी उघडायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तक्त्यातली एकेक खूण त्यांना तंतोतंत लागू पडत होती. नाव परत चढवलं, दहा मिनिटांचं काम.

पण त्याच मोटेलच्या पत्त्यावर आणखी नावं होती. त्यांच्यातलं कुणीच आलं नाही. फोन लावले, काही बंद, काही उचलले गेले नाहीत. भुतंही फोन उचलत नाहीत आणि दिवसा झोपणारी माणसंही. सेन्सस उलटून गेला, जागा वेटलिस्टवाल्यांना मिळाल्या, वर्ग उत्तम चालू आहे.

आता वरून प्रस्ताव आलाय: प्रवेशाच्या वेळीच सेल्फी आणि ओळखपत्राची ऑनलाइन पडताळणी. विकणारी कंपनी फार गोड बोलते. बालविकासाच्या बाईंचं म्हणणं वेगळं आहे: काउंटर पाचला बंद करता, तो आठपर्यंत उघडा ठेवा आणि तिथे स्पॅनिश बोलणारं माणूस बसवा. मी दोन्हींचा खर्च मांडून पाठवलाय. पडताळणीच्या पैशांना लगेच होकार आला. काउंटरसाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मिळाल्यात, त्याही ‘तूर्त’.