वार्नेम्युंडे: वाऱ्याला पाठ देऊन बसायची जागा

बर्लिनमध्ये शिकणारी आपली जळगाव-धुळ्याची पोरं शनिवार-रविवार गाठून बाल्टिक समुद्राकाठच्या वार्नेम्युंडे या जर्मन गावी जातात आणि पहिल्याच तासात छत्री उलटी होते. अ‍ॅपवर १० अंश दिसले म्हणून पातळ जॅकेट घातलेलं असतं. पण ताशी ४० किलोमीटरचा वारा असला की ते १० अंश अंगाला ६ वाटतात, आणि ५ अंशांचे उणे १ होतात. म्हणून तापमानाआधी वाऱ्याचा आकडा बघा. स्वेटरवर वारा न शिरणारं जॅकेट हवंच. कानांना मे महिन्यात जळगावला बांधतो तसाच रुमाल बांधा, टोपी उडते.

बर्लिनहून आरई-५ या प्रादेशिक गाडीने रोस्टोक शहर साधारण पावणेतीन तास, पुढे वार्नेम्युंडेपर्यंत एस-बानने, म्हणजे लोकलने, वीसेक मिनिटं. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे प्रादेशिक गाड्यांचा महिन्याचा पास, दोन्हीकडे चालतं; आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. अ‍ॅपमध्ये गाडी शोधताना फक्त प्रादेशिक गाड्या निवडा, नाहीतर किमान ६० युरो दंड बसतो.

या गावाचं खरं कौतुक मात्र श्ट्रांडकोर्बचं. वेताची, छप्पर असलेली दोघांची खुर्ची. १८८२ साली रोस्टोकचे टोपल्या विणणारे कारागीर विल्हेल्म बार्टेलमान यांनी संधिवाताने त्रासलेल्या एका बाईंना समुद्राकाठी बसता यावं म्हणून पहिली बनवली, ती एकाच माणसाची होती. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नीने वार्नेम्युंडेच्या किनाऱ्यावर त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. आजही साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत किनाऱ्यावरच्या टपरीतून त्या दिवसाच्या भाड्याने मिळतात. पैसे भरले की किल्ली देतात आणि पुढची लाकडी जाळी उघडायची. मग सगळ्यात महत्त्वाचं काम: दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीची पाठ वाऱ्याकडे करायची. समुद्र बघायच्या नादात लोक तोंड पाण्याकडे ठेवतात. इथला किनारा उत्तरेला तोंड करून आहे, त्यामुळे उत्तरेचा वारा असला की सगळी वाळू मांडीवर येते. खालची पाय ठेवायची फळी ओढून घ्या, छप्पर थोडं मागे कलवा. आत वारा थांबतो आणि ऊन तेवढं लागतं. दुपारी वारा फिरला की खुर्चीही फिरवायची.

आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून खान्देशी माणसाला वारा शिकवायची गरज आहे असं कुणी समजू नये. साक्री तालुक्यात पवनचक्क्यांची रांग उभी आहे. रावेर-यावलला केळीबागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात ते वाऱ्याने पानं फाटू नयेत, खोड आडवं होऊ नये म्हणूनच. वार्नेम्युंडेला वाळूच्या टेकड्यांवर लावलेलं उंच गवतही वाऱ्यापासून असंच राखण करतं: मुळांनी वाळू धरून ठेवतं. ते तुडवलं की टेकडी उघडी पडते आणि वारा ती खात जातो. म्हणून आखलेल्या वाटेनेच जायचं. ‘इतक्याशा गवताला एवढे नियम?’ असं केळीवाल्याच्या पोराने तरी म्हणू नये.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला जमीन लवकर तापते, पाणी गारच राहतं, म्हणून समुद्रावरून येणारा वारा दुपारी जोर धरतो. चालणं सकाळीच उरका. लाटा समुद्रात शिरलेल्या बंधाऱ्यावरून येत असतील तर त्याच्या टोकापर्यंत जाऊ नका, दगड निसरडे होतात. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर आहेत, नुसता लाल म्हणजे पोहायला बंदी. जळगावचं ४५ अंशांचं ऊन पाहिलेल्यांना इथलं ऊन किरकोळ वाटतं, पण गार वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं. क्रीम लावा.

खायला घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळीचे वेफर्स न्या. काही जण याला कंजूषपणा म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, भाकरी वाऱ्यात तासाभरात कडक होते. मासा-पाव घेतलात तर भिंतीला पाठ लावून खा, कारण सीगल मागून झडप घालतात आणि हातातला घास घेऊन जातात.